उष्मांकांचा हिशेब आणि शरीराचा प्रतिसाद

खाल्लेल्या अन्नाचे पुढे काय होते, हा प्रश्न इटलीतील वैद्य सांतोरिओ यांनी अक्षरशः तराजूवर नेला. तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून ते स्वतःचे, अन्नाचे आणि उत्सर्जनाचे वजन करीत. त्यांचे निष्कर्ष १६१४ मध्ये प्रसिद्ध झाले. श्वसन म्हणजे एक मंद ज्वलन आहे, हे मात्र लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८०च्या दशकात, गिनीपिगच्या उष्णतेने किती बर्फ वितळते हे मोजून दाखवले.

आज वेष्टनांवर छापले जाणारे उष्मांक प्रामुख्याने अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्बर अॅटवॉटर यांच्या कामावर आधारलेले आहेत. १८९०च्या दशकात त्यांनी मिडलटाउन येथे एक बंदिस्त खोली उभारली, जिच्यात माणूस कित्येक दिवस राहत असे आणि त्याने सोडलेला वायू व उष्णता यांची सतत नोंद होत असे. कर्बोदके आणि प्रथिने यांपासून ग्रॅममागे ४ व स्निग्ध पदार्थांपासून ९ किलोकॅलरी, हे आकडे त्यांचेच. ते सरासरीचे आकडे आहेत, ही गोष्ट पुढे सोयीस्कररीत्या विसरली गेली.

त्याच सुमारास जर्मनीत मॅक्स रुबनर यांनी जेवणानंतर शरीराची उष्णतानिर्मिती वाढते आणि प्रथिनांमुळे ती सर्वाधिक वाढते, हे नोंदवले. प्रथिनांतील ऊर्जेपैकी सुमारे २० ते ३० टक्के, तर कर्बोदकांतील ५ ते १० टक्के ऊर्जा पचन आणि पुढील प्रक्रियांतच खर्च होते. एवढ्या फरकावर वजन झपाट्याने उतरवण्याची आश्वासने देणे मात्र अतिशयोक्तीचे आहे.

हिशेबाची दुसरी बाजू, म्हणजे शरीराचा ऊर्जाखर्च, हीही स्थिर नसते, हे अमेरिकेतील मिनेसोटा येथील १९४४-४५ च्या प्रयोगात प्रकर्षाने दिसले. युद्धात शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेल्या ३६ तरुणांना शरीरक्रियाशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी २४ आठवडे मुख्यतः बटाटे, सलगम, पाव आणि मॅकरोनी अशा तुटपुंज्या आहारावर ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाखर्च मात्र त्याहूनही जास्त, जवळजवळ ४० टक्क्यांनी उतरला. नंतर पोटभर अन्न मिळू लागल्यावर स्नायूंपेक्षा चरबी लवकर भरून आली. घटवलेले वजन टिकवणे इतके अवघड का, याचे बरेचसे उत्तर इथे आहे. चरबीच्या पेशींतून स्रवणाऱ्या आणि साठा किती उरला हे मेंदूला कळवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध १९९४ मध्ये लागल्यावर त्यामागील यंत्रणेचा एक धागा हाती आला.

अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल यांच्या २०१९च्या अभ्यासाने लक्ष पुन्हा ताटाकडे वळवले. २० प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त (कारखान्यात अनेक प्रक्रिया करून बनवलेले) आणि दोन आठवडे कमीत कमी प्रक्रिया केलेले अन्न देण्यात आले. पुढ्यात ठेवलेल्या जेवणातील उष्मांक, साखर, स्निग्धांश आणि तंतू समान राखूनही, हवे तेवढे खाण्याची मुभा असताना पहिल्या प्रकारात दररोज सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक खाल्ल्या गेल्या, आणि त्या प्रकारचे जेवण अधिक वेगाने संपवले गेले.