तो चेहरा विजेने उमटलेला नाही

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या कॅरोल्टन गावात पिकन्स काउंटीचं जुनं कोर्ट आहे, त्याच्या माळ्यावरच्या खिडकीत माणसाचा चेहरा दिसतो, आणि गोष्ट अशी फिरते की हेन्री वेल्स नावाचा कृष्णवर्णीय माणूस जमावाच्या भीतीने तिथे लपला होता, खाली बघताना वीज कडाडली आणि चेहरा काचेत कायमचा छापला गेला. हे खरं नाहीये!

पहिलं कोर्ट १८६५ मध्ये अमेरिकन यादवी युद्धात युनियन (उत्तरेकडच्या) सैन्याने जाळलं, दुसरं नोव्हेंबर १८७६ मध्ये जळालं आणि त्याचा आळ वेल्सवर आला. आत्ताची विटांची दुमजली इमारत १८७७-७८ ची. वेल्सला पकडलं जानेवारी १८७८ मध्ये, पळताना गोळ्या लागल्या, त्यातच तो गेला, आणि तेव्हाच्या स्थानिक पेपरप्रमाणे कोर्टाच्या मुख्य खिडक्या बसल्या त्यानंतर, फेब्रुवारीत. माळ्यावरच्या तर कदाचित अजून उशिरा. मग चेहरा उमटणार कशावर? शिवाय साध्या काचेवर विजेने फोटो निघतच नाही, त्याला प्रकाशाने बदलणारं केमिकल लागतं.

जमावाने मारलं होतं ते नथानिएल पियर्स नावाच्या दुसऱ्याच कैद्याला, १८७७ मध्ये. भुताच्या गोष्टीत वेल्सच्या नावाखाली पियर्सचा खून पार पुसला गेलाय, याचं जास्त वाईट वाटतं.