शिपाई म्हणून भरती झालं की अधिकारी होता येत नाही?

साताऱ्याजवळचं अपशिंगे 'मिलिटरी' या नावानंच ओळखलं जातं. या पट्ट्यात पारावर एक वाक्य हमखास कानी पडतं: "शिपाई म्हणून गेलास की जास्तीत जास्त सुभेदार. साहेब व्हायचं तर बाप साहेब पाहिजे." हे चूक आहे.

गोंधळाचं मूळ हुद्द्यांत आहे. नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर हे कनिष्ठ राजादिष्ट अधिकारी (जेसीओ), म्हणजे शिपायांच्या वर पण लेफ्टनंटच्या खाली. गाव त्यांना साहेब म्हणतं आणि ते योग्यच. पण लेफ्टनंटपासूनची अधिकाऱ्यांची शिडी वेगळी. निवृत्तीच्या सुमारास काहींना मिळणारं मानद कॅप्टनपद हा मान असतो. एवढंच बघत आल्यामुळे लोकांना वाटतं, शिडी तिथंच संपते.

जवानासाठी दुसरी वाट आहे आर्मी कॅडेट कॉलेज, देहरादूनच्या भारतीय सैन्य अकादमीतच. बारावी, ठरावीक वर्षांची नोकरी आणि वयाची मर्यादा पाळून लेखी परीक्षा द्यायची, मग निवड मंडळासमोर पाच दिवस. तिथं बापाचा हुद्दा नव्हे, पोराची वागणूक तपासतात. तीन वर्षांत पदवी, पुढं अकादमीत एक वर्ष आणि खांद्यावर लेफ्टनंटचे दोन तारे. कालचा शिपाई!

वाट अवघड आहेच. पलटणीतली कामं सांभाळून अभ्यास करायचा म्हणजे चेष्टा नाही.

'लष्करात अधिकारी होणं फक्त पोरांसाठी' हेही आता जुनं झालं. सातारा जिल्ह्यातल्याच पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये शहीद झाले. २०१७ मध्ये त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक लष्करात अधिकारी झाल्या.