ओक्लाहोमाची जमीन कशाने हलली?

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात ३ सप्टेंबर २०१६ रोजी पॉनी गावाजवळ ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि ‘हे फ्रॅकिंगचे पाप’ असा निकाल अनेकांनी लगेच देऊन टाकला. तो सर्वस्वी चुकीचा नसला, तरी त्यात मधला दुवा गळतो.

फ्रॅकिंगमध्ये शेलसारख्या घट्ट खडकात विहीर खोदून वाळू व काही रसायने मिसळलेले पाणी प्रचंड दाबाने सोडतात. खडकाला भेगा पडतात, वाळूचे कण त्या मिटू देत नाहीत आणि तेल किंवा वायू विहिरीकडे वाहू लागतो. या वेळी बसणारे धक्के बहुधा उपकरणांनाच कळतात. ओक्लाहोमातील मुख्य अडचण निराळी होती. तेथे तेलाबरोबर, खडकात कोट्यवधी वर्षे कोंडलेले व समुद्राहून खारट असे पाणी तेलाच्या कितीतरी पट वर येई. ते नदीत सोडता येत नसल्यामुळे आर्बकल नावाच्या खोल, सच्छिद्र थरात पुन्हा भरले जाई, आणि त्याच्या लगेच खाली जुने प्रस्तरभंग, म्हणजे ज्यांच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकू शकतात अशा मोठ्या भेगा, असलेला स्फटिकी पाषाण आहे.

प्रस्तरभंगाच्या दोन बाजू सरकू पाहत असतात. त्यांना रोखते ते घर्षण, आणि घर्षण अवलंबून असते दोन्ही बाजू एकमेकींवर किती दाबल्या जातात यावर. मात्र खडकातील पाण्यालाही दाब असतो व तो या बाजूंना परस्परांपासून दूर लोटतो. ओल्या ओट्यावर उपडी ठेवलेली गरम वाटी आपोआप सरकते, कारण आत कोंडलेली हवा तिचा थोडा भार पेलते. येथे तेच काम पाणी करते. समजा, खडकाचा दाब १००, पाण्याचा ४० आणि घर्षणांक (दाबाचा किती भाग रोध बनतो ते प्रमाण) ०.६ आहे. उरलेल्या ६० मुळे ३६ इतका रोध मिळतो. सरकवणारे बल ३४ असेल, तर सारे स्थिर राहते. पाण्याचा दाब ४५ झाला की रोध ३३ वर येतो आणि प्रस्तरभंग निसटतो. म्हणजे पाणी नवे बल निर्माण करत नाही, आधीच साचलेल्या ताणाला वाट करून देते. आणि दाब सच्छिद्र खडकातून हळूहळू पसरत असल्यामुळे धक्का विहिरीपासून काही किलोमीटर दूर व बऱ्याच काळाने बसू शकतो. कोयनेच्या १९६७ च्या भूकंपाच्या चर्चेतही जलाशयाच्या वजनाबरोबर खडकाच्या छिद्रांतील पाण्याचा हाच दाब येतो. याची प्रचीती अमेरिकेच्याच कोलोरॅडो राज्यातील रेंजली तेलक्षेत्राच्या प्रयोगात आली: १९६९ ते १९७३ या काळात भूशास्त्रज्ञांनी तेथे पाण्याचा दाब वाढवून भूकंप वाढवले आणि तो उतरवून ते कमी केले.

ओक्लाहोमात २००९ पूर्वी ३ किंवा अधिक तीव्रतेचे भूकंप वर्षाला सरासरी एक-दोन होत. २०१५ मध्ये ते सुमारे ९०० झाले. पाणी भरण्यावर मर्यादा आल्या व तेलाचे भावही पडले, तसे ते घटत गेले. केवळ फ्रॅकिंगवर बंदी घातली असती, तर खारे पाणी देणाऱ्या इतर विहिरी चालूच राहिल्या असत्या. उलट इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलजवळ ऑगस्ट २०१९ मध्ये खुद्द फ्रॅकिंगमुळेच २.९ तीव्रतेचा धक्का बसला आणि नोव्हेंबरमध्ये सरकारने तेथील फ्रॅकिंग स्थगित केले.