सीनियर कॉलेजला शिकवायचंय? फॉर्म भरायच्या आधी फाईल तयार करा

जून-जुलै आला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पेपरात सीएचबीच्या म्हणजे तासिका तत्त्वावरच्या (जितके तास शिकवाल तितकं मानधन) जागांच्या जाहिराती येतात आणि मग पोरांची पळापळ सुरू होते. जाहिरातीत मुदत साधारण पंधरा दिवसांची असते, तेवढ्यात व्हॅलिडिटी म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र मिळत नाही भाऊ, म्हणून ही तयारी एम.ए., एम.एस्सी.ला असतानाच सुरू करा.

आधी पात्रता. पीजीला ५५ टक्के, एससी, एसटी, नॉन-क्रीमीलेयरवाले ओबीसी आणि दिव्यांगांना ५० टक्के. ५४.९० ला राउंड करून ५५ कोणी धरत नाही, हे डोक्यात ठेवा. त्यासोबत नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्यपातळीवरची) ही प्राध्यापकाची पात्रता परीक्षा, नाहीतर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाप्रमाणे झालेली पीएचडी. सेट पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी. पहिला पेपर १०० मार्कांचा, दुसरा २०० चा, निगेटिव्ह मार्किंग नाही, वयाची अट नाही आणि पीजीच्या शेवटच्या वर्षालाही देता येते. माझं मत विचाराल तर पीएचडीच्या नादात सेट पुढे ढकलू नका.

आता कागद, खरी गंमत इथेच आहे. दहावीपासून पीजीपर्यंतच्या मार्कशीट, पदवी प्रमाणपत्र (प्रोव्हिजनलवर किती दिवस काढणार, कन्व्होकेशनचा फॉर्म भरून टाका), नेट-सेटचं सर्टिफिकेट, डोमिसाईल, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी आणि ओबीसी, व्हीजेएनटीवाल्यांना चालू मुदतीचं नॉन-क्रीमीलेयर. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंनी गॅझेट काढून ठेवावं, कारण सेटवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असलं की छाननीच्या टेबलावर अर्ज अडकतो. एसटीच्या व्हॅलिडिटीला आपल्याकडे किती वेळ लागतो ते वेगळं सांगायला नको, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून शोधाशोध सुरू होते, म्हणून ते काम सगळ्यात आधी.

अर्ज कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या नावाने जातो. राखीव जागा असेल तर एक प्रत विद्यापीठाच्या विशेष कक्षाला (आरक्षणाचं काम पाहणाऱ्या) पाठवा असं जाहिरातीत बहुतेक वेळा छापलेलं असतं, ती ओळ वाचा आणि पाठवल्याची पावती जपा. मग मुलाखत, निवड झाली तर ऑर्डर, आणि पुढे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची मान्यता. मान्यतेचा प्रस्ताव कॉलेजने पाठवला का हे तुम्हीच ऑफिसात जाऊन विचारत राहा, नाहीतर मानधन लटकतं. कायम जागेची गोष्ट वेगळी, तिथे सुरुवातच ५७,७०० मूळ वेतनाने होते, पण तशा जागा निघतात कधी, हा प्रश्न आहेच.

काही जण विचारतात की शिकवण्यापेक्षा विद्यार्थ्यांसाठीचं काम करायचंय, त्याचा फॉर्म कुठे? कॉलेजात त्याची वेगळी भरती जवळपास नसतेच. विद्यार्थी विकास अधिकारी, एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी, कमवा आणि शिका, मेंटॉर-मेंटी (ठरावीक विद्यार्थ्यांना मार्गदर्शन) ही कामं प्राचार्य आपल्याच प्राध्यापकांकडे सोपवतात, म्हणजे रस्ता पुन्हा नेट-सेटवरूनच जातो. ही कामं पुढे कॅसच्या म्हणजे प्राध्यापकांच्या बढती योजनेच्या प्रमोशनलाही धरली जातात, फक्त प्रत्येक वर्षाचं नियुक्तीपत्र आणि अहवालाची कॉपी मागून घ्यायची.

आणि अनुभवाचा दाखला वर्ष संपलं की लगेच घ्या. मुलाखतीसाठी उमेदवार निवडायच्या यूजीसीच्या २०१८ च्या तक्त्यात अनुभवाला वर्षाला २ मार्क आहेत, जास्तीत जास्त १०, अर्धवट वर्षाला त्या प्रमाणात. दाखल्यावर कधीपासून कधीपर्यंत शिकवलं त्या तारखा आणि विद्यापीठ मान्यतेचा पत्र क्रमांक टाकून घ्या, प्राचार्य बदलले की जुनी रजिस्टर शोधायला कोणी बसत नाही.