कल्बिनची वाळू

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर डाइक अँड मॉय नावाचं पॅरिश आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली गावं आणि शेतं. त्याच्या समुद्राकडच्या अंगाला पाइनचं दाट जंगल आहे. त्या झाडांखाली वाळू आहे आणि वाळूखाली कल्बिनच्या जहागिरीची शेतं.

1694च्या शरदात वादळ झालं आणि शेतं गाडली गेली. लोककथेत जहागीरदार रविवारी सैतानाबरोबर पत्ते खेळत बसला होता, म्हणून एका रात्रीत त्याचा वाडा बुजला! मला मात्र सैतानापेक्षा 1695चा कायदा जास्त रंजक वाटतो. जहागीरदार किनेर्ड यानं आपली जमीन वाळूनं झाकल्याचं स्कॉटलंडच्या संसदेला कळवून करात सूट मागितली. त्याच वर्षी संसदेनं वाळूच्या टेकड्यांवरचं गवत आणि झुडपं उपटायला बंदी केली. कल्बिनचा सत्यानाश या उपटण्यामुळेच झाला, असं कायद्यातच म्हटलं होतं.

हे निदान बऱ्याच अंशी बरोबर होतं. वाऱ्यावर वाळू धुळीसारखी उंच उडत नाही. कण जमिनीलगत टुणटुण उड्या मारतात, आपटताना पुढच्या कणांना उडवतात. मॅरम नावाचं गवत नेमका हा जमिनीलगतचा वारा अडवतं. वाळू त्याच्यावर साचली तरी ते मरत नाही, उलट तिच्यातून वर येतं आणि मुळांचं जाळं आणखी पसरवतं. लोक ते छपरं शाकारायला नेत. गवत गेलं की वाळू मोकळी. अर्थात ती आधीपासूनच सरकत असणार. वादळानं शेवटचा तडाखा दिला.

मुळात एवढी वाळू आली कुठून? हिमयुगातल्या हिमनद्यांनी मागे टाकलेला गाळ नद्यांनी समुद्रात आणला. बर्फाचं ओझं उतरल्यावर जमीनही वर उचलली गेली आणि जुने किनारे कोरडे पडले. लाटा हा माल पश्चिमेकडे ढकलतात, तर नैऋत्येचे वारे सुटी वाळू उलट दिशेला नेतात.

1920च्या दशकापासून वनखात्यानं उघड्या टेकड्यांवर झाडांच्या फांद्या अंथरल्या आणि त्यांच्या आडोशाला पाइनची रोपं लावली. वाळू थांबली. किनाऱ्यापुढचा ‘द बार’ नावाचा वाळू-गोट्यांचा बांध मात्र अजूनही पश्चिमेकडे सरकतो आहे.