गाडी थोडीशीच खाली करायचीये? मग स्प्रिंगा की कॉइलओव्हर?

आमच्याकडे येणारे बरेच जण पहिल्या वाक्यातच "कॉइलओव्हर टाकायचेत" म्हणतात (म्हणजे उंची बदलता येणारा, स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र सेट). जरा बोलल्यावर कळतं की चाक आणि फेंडरमधली गॅप कमी दिसावी आणि घाटात वळणावर गाडी कमी झुकावी, एवढंच हवंय. एवढ्यासाठी आम्ही कॉइलओव्हर सुचवत नाही. चांगल्या कंपनीच्या लोअरिंग स्प्रिंगा आणि ठणठणीत शॉकअप, बास.

लोअरिंग स्प्रिंग म्हणजे मूळ स्प्रिंगच्या जागी बसणारी, जरा आखूड आणि जरा कडक स्प्रिंग. शॉकअप तेच राहतात. गाडी साधारण २५ ते ४० मिमी खाली येते, नेमकी किती ते स्प्रिंग बनतानाच ठरलेलं असतं, नंतर कमीजास्त होत नाही. कडक का, तर गाडी खाली बसली की चाकाला वर जायला जागा कमी उरते, तेवढ्यात स्प्रिंगने वजन झेललं नाही तर प्रत्येक खड्ड्यात बंप स्टॉपवर (चाक फार वर गेलं की थोपवणारा रबरी ठोकळा) आपटणार. आणि गोम इथेच आहे, थकलेला शॉकअप या कडक स्प्रिंगला आवरू शकत नाही, गाडी डुलत राहते आणि लोक म्हणतात स्प्रिंगा बोगस निघाल्या. म्हणून गाडी बरीच पळलेली असेल किंवा शॉकअपवर तेल दिसत असेल तर शॉकअप त्याच वेळी बदला, उघडझाकीची मजुरी दोनदा कशाला द्यायची.

कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांसाठीच बनवलेले असतात, शॉकअपच्या बॉडीवर आटे असतात त्यामुळे उंची पाहिजे तशी लावता येते, बऱ्याच किटमध्ये नॉब फिरवून डँपिंगही (शॉकअप स्प्रिंगचं डुलणं किती आवरतो ते) कमीजास्त होतं. चेन्नई किंवा कोइम्बतूरला ट्रॅक डेला (रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवायला) जाणार असाल, पुढच्या-मागच्या सेटिंगशी खेळायची हौस असेल तर जरूर घ्या. पण चांगल्या किटच्या पैशात स्प्रिंगांचे दोन-तीन सेट सहज येतात, आणि स्वस्तातलं किट चांगल्या स्प्रिंगांपेक्षा वाईट चालतं हे आम्ही स्पष्टच सांगतो. शिवाय आपला पावसाळा. आट्यांत चिखल बसतो, गंज चढतो, कोकणात-मुंबईत तर जास्तच, आणि दोन वर्षं हात न लावलेली उंची लावायची रिंग पान्याला दाद देत नाही. उंची एकदा लावून परत कधीच बदलणार नसाल (बहुतेक जण बदलत नाहीत) तर त्या आट्यांचे पैसे कशासाठी?

आता किती खाली. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी, त्यातून ३० गेले की १३३, वर चार माणसं आणि सामान. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीड ब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून गाडी हळू नेली तर निघते. सोसायटीच्या गेटसमोरचा अरुंद, उभा ढिगारा कुठल्या मापात बसतो देव जाणे, तिथे पोट घासतं. बेसमेंट पार्किंगचा रॅम्पही बघून या. रोजच्या गाडीला २५-३० मिमीच्या पुढे आम्ही सहसा जात नाही.

स्प्रिंग कापून किंवा गॅसने तापवून गाडी खाली करून मागू नका, करणार नाही. कापलेलं टोक खोबणीत नीट बसत नाही, चाक लटकलं की स्प्रिंग सुटी होते, आणि तापवलेल्या पोलादाची स्प्रिंग म्हणून असलेली ताकद जाते.

काहीही बसवलं तरी अलाइनमेंट लागणारच, कारण उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) दोन्ही हलतात, नाहीतर टायर आतून खातात. हेडलाइटचा झोतही तपासून घ्या. बुशचे (सस्पेन्शनच्या सांध्यातल्या रबराचे) बोल्ट आम्ही गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळतो, जॅकवर आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बाहेर कुठे काम करून घेतलंत तर हे जरूर विचारा.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं, आणि नव्या गाडीच्या सस्पेन्शनची वॉरंटी यात अडकू शकते. त्यामुळे काम करायच्या आधी इन्शुरन्सवाल्यांना कळवा आणि शोरूमला विचारा, क्लेमच्या वेळी कळणं महागात पडतं.

बसवल्यावर स्प्रिंगा अजून थोड्या बसतात. ५०० किमीनंतर गाडी परत आणा, नटबोल्ट आणि अलाइनमेंट दोन्ही पुन्हा बघतो, येताना पहिल्या अलाइनमेंटचा प्रिंटआउट घेऊन या.