झूम कॉम्पॅक्ट कॅमेरा (रोलवाला)

झूम कॉम्पॅक्ट म्हणजे ३५ मिमीचा रोल लागणारा, जॅकेटच्या खिशात मावणारा (पँटच्या खिशाचा नाद करू नये, शिवण जाते), फोकस, एक्स्पोजर, फ्लॅश, रोल पुढे सरकवणं हे सगळं आपलं आपण करणारा आणि बटण दाबलं की घर्रर्र करत लेन्सची नळी बाहेर काढणारा छोटा कॅमेरा. आपल्याकडे याला कुणी झूम कॉम्पॅक्ट म्हणायचं नाही, "ऑटोमॅटिक कॅमेरा" नाहीतर नुसतं "झूमवाला" म्हणायचे. १९८० च्या दशकाचा शेवट ते २००० च्या दशकाचा मध्य एवढाच याचा जमाना, नंतर डिजिटल आला आणि हे सगळे कपाटाच्या वरच्या फळीवर गेले. आता परत खाली काढले जातायत, त्यामुळे ही नोंद.

फिल्मवाल्या मंडळींमध्ये याची इज्जत कमीच. फिक्स लेन्सच्या (झूम नसलेल्या) कॉम्पॅक्टला अवाच्या सवा भाव आणि झूमवाला त्याच्या शेजारी चिल्लर दरात पडलेला. हे अर्धंच बरोबर आहे. कॅमेरा वाईट नसतो, त्याचं लांबचं टोक, म्हणजे झूम पूर्ण बाहेर काढल्यावरचं, वाईट असतं, आणि ज्याला हे कळलं तो स्वस्तात चांगला कॅमेरा वापरतो.

कसा आला

आधी एकेक काम कॅमेऱ्याकडे जात गेलं. १९७५ मध्ये कोनिकाने सी३५ईएफ आणला, त्यात फ्लॅश आतच बसवलेला, जपानी लोक त्याला "पिक्कारी" म्हणायचे, म्हणजे लख्ख. १९७७ मध्ये कोनिकाचाच सी३५एएफ, ऑटोफोकस असलेला बाजारातला पहिला कॅमेरा. १९७९ ला कॅननने एएफ३५एम काढला, त्यात इन्फ्रारेड किरण सोडून अंतर मोजायचं आणि मोटरने रोल सरकवायचं अशी दोन्ही कामं होती. एवढं झाल्यावर माणसाकडे उरलं काय तर जवळ जाणं नाहीतर लांब जाणं, तेही नको म्हणून कंपन्यांनी आधी दोन लेन्सचे कॅमेरे काढले, एक जवळची एक लांबची, मधलं काही नाही. मग १९८६ मध्ये पेंटॅक्सचा झूम ७० आला, ३५ ते ७० मिमी सलग झूम (हा आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं), कॉम्पॅक्टमध्ये असं पहिल्यांदाच. आज बघितला तर वीट वाटते हातात.

त्यानंतर नुसती आकड्यांची शर्यत. ७० चे ९०, ९० चे १०५, मग ११५, १४०, १६०. दुकानात गिऱ्हाइकाला आकडाच कळतो ना, १४० मोठा की १०५ मोठा हे कुणीही सांगेल. १९९३ मध्ये ऑलिंपसने आपल्या म्यू या कॉम्पॅक्टला झूम लावला (अमेरिकेत याच म्यूचं नाव स्टायलस), सरकत्या झाकणाचा तो साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत कॅमेरा. झाकण सरकवलं की कॅमेरा चालू ही कल्पना ऑलिंपसचीच, त्यांचे डिझायनर योशिहिसा मैतानी यांच्या १९७९ च्या एक्सए कॅमेऱ्यातली. पेंटॅक्सची एस्पिओ मालिका (अमेरिकेत आयक्यूझूम), कॅननचा शुअर शॉट (जपानात ऑटोबॉय, युरोपात प्रिमा), हे सगळे याच जातीचे. एकाच कॅमेऱ्याला तीन देशांत तीन नावं असल्यामुळे जुना घेताना लोक हमखास गोंधळतात, वेगळं मॉडेल समजून जास्त पैसे देतात. श्रीमंतांसाठीही होतेच, १९९३ चा कॉन्टॅक्स टीव्हीएस, टायटॅनियमची बॉडी आणि झूम फक्त २८ ते ५६. महाग कॅमेऱ्याला झूम कमी का, ते आता येतंच.

झूम आणि उजेड

या कॅमेऱ्यातली लेन्स दोन गटांची असते, पुढचा गट आणि मागचा गट, दोन्ही मिळून पुढे सरकतात आणि त्यांच्यातलं अंतर बदलतं की झूम होतो. मागचा गट फिल्मच्या अगदी जवळ बसतो, त्यामुळे नळी आत गेली की कॅमेरा चपटा. एसएलआरमध्ये, म्हणजे लेन्समधूनच बघायच्या मोठ्या कॅमेऱ्यात, मध्ये आरसा असतो म्हणून तिथे हे जमत नाही. पण याची किंमत उजेडात मोजायची. काच तेवढीच लहान, नळी मात्र लांब, म्हणजे टोकाला जाईपर्यंत आत येणारा उजेड कमी कमी होत जातो. ३८ ते १४० मिमीचा झूम घ्या, आखूड टोकाला एफ/४ आणि लांब टोकाला एफ/११ असा प्रकार असतो (एफचा आकडा मोठा तेवढा उजेड कमी). एफ/४ वरून एफ/११ म्हणजे तीन स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे उजेड आठ पटीने कमी.

आता हिशोब करा. १०० आयएसओचा रोल आहे (आयएसओ जास्त तेवढा रोल कमी उजेडात चालतो), आभाळ पावसाळी भरलेलं आहे, आपण सिंहगडावर उभे आहोत. ३८ मिमीला एफ/४ वर शटर साधारण १/२००, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग, मिळेल, आरामात फोटो येतो. तिथेच उभं राहून १४० ला गेलात तर १/२५. हातात धरून १४० मिमीला किमान १/१४० तरी पाहिजे असा जुना अंदाज आहे, म्हणजे फोटो हलणार, नव्हे हललाच. आणि कॅमेरा काही बोलत नाही, फार तर हिरवा दिवा मिणमिणतो, आपल्याला कळतं ते लॅबमधून रोल धुऊन आल्यावर. कडक उन्हात मात्र हेच १४० मिमी १/२०० वर चालून जातं. लांबचं टोक वापरायचंच तर दुपारच्या उन्हात वापरावं, एरवी दोन पावलं पुढे चालत जावं.

म्हणूनच झूमवाल्यात ४०० चा रोल घालावा, १०० चा घालून काटकसर करू नये. निगेटिव्ह रोलला उजेड जरा जास्त झाला तर तो पचवतो, कमी पडला की मात्र सावल्या चिखलासारख्या दिसतात आणि दाणा वर येतो.

फ्लॅशचंही तेच. समजा फ्लॅशचा गाइड नंबर (त्याला एफच्या आकड्याने भागलं की फ्लॅश किती मीटर पोचतो ते कळतं) १२ आहे, तर १०० च्या रोलवर एफ/४ ला तो तीन मीटर पोचेल आणि एफ/११ ला एक मीटरच्या जरा पुढे. ४०० च्या रोलवर हे अंतर दुप्पट. लग्नाच्या हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर बसून स्टेजवरच्या नवरा-नवरीला झूम करून फ्लॅश मारलेले फोटो प्रत्येक घरात आहेत, त्यात पुढच्या रांगेतल्या काकांचं टक्कल लख्ख आणि मागे सगळा अंधार. शिवाय बऱ्याच मॉडेलांमध्ये फ्लॅश बंद केलेला लक्षात राहत नाही, कॅमेरा बंद करून चालू केला की परत ऑटो. दर वेळी बटण दाबत बसायचं. याच्याइतका वैताग दुसरा नाही.

फोकस आणि इतर खोड्या

बहुतेक झूमवाले इन्फ्रारेडने अंतर मोजतात, किरण जाऊन परत आला की कुठल्या कोनातून आला त्यावरून अंतर. मध्ये काच आली की गणित फसतं, कॅमेरा काचेवरच फोकस करून बसतो. रेल्वेच्या एसी डब्याच्या खिडकीतून कोकण टिपायचं असेल तर डोंगराचं चिन्ह असलेला मोड लावायचा, त्यात फोकस थेट लांबवर जातो. दुसरी खोड म्हणजे दोन माणसं शेजारी उभी केली की मधल्या फटीतून मागच्या भिंतीवर फोकस. यावर उपाय सोपा आहे, एकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखून बटण अर्धं दाबायचं, तसंच धरून फ्रेम लावायची आणि मग पूर्ण दाबायचं. हे ज्याच्या हातात आपण "दादा जरा आमचा फोटो काढता का" म्हणून कॅमेरा देतो त्याला माहीत नसतं, तो एक वेगळा विषय.

व्ह्यूफाइंडरमधून दिसतं ते लेन्समधून दिसत नसतं, शेजारच्या भोकातून दिसत असतं. त्यामुळे लेन्सवर बोट आलं तरी पत्ता लागत नाही, आणि जवळच्या फोटोत डोकी कापली जातात. आतल्या छोट्या खुणा त्यासाठीच असतात. पॅनोरमाचं बटण असेल तर त्याला भुलू नये, तिथे नवीन काही घडत नाही, ३६ बाय २४ मिमीच्या फ्रेमची वरची खालची पट्टी झाकली जाते एवढंच.

रोलची आयएसओ कॅमेरा स्वतः वाचतो, डबीवरच्या चंदेरी-काळ्या चौकोनांवरून, त्याला डीएक्स कोड म्हणतात, कोडॅकने १९८३ मध्ये आणला. कोड नसलेली डबी घातली तर बहुतेक कॅमेरे १०० समजून चालतात. हल्ली सिनेमाची फिल्म डबीत भरून विकतात त्यात ही भानगड होते, आणि त्या फिल्मच्या पाठीवर काळा थर असेल तर साधी कलर लॅब ती घेतच नाही कारण मशीनचं रसायन खराब होतं. आधी लॅबला विचारावं मग रोल घ्यावा.

काही कॅमेरे, फुजीचे बरेचसे, रोल घातल्या घातल्या सगळा बाहेर ओढून घेतात आणि फोटो काढाल तसा एकेक फ्रेम डबीत परत टाकतात. आकडा उलटा चालतो, ३६, ३५, ३४. चुकून मागचं झाकण उघडलं तर काढलेले फोटो डबीत सुरक्षित. आमच्या घरात हे झाकण उघडायला एक ठरलेला भाचा होता, त्यामुळे ही सोय मला फार मोठी वाटते.

आपल्या घरांतला झूमवाला

९० च्या दशकात मराठी मध्यमवर्गात कॅमेरा म्हणजे याशिका एमएफ-२ नाहीतर कोडॅक केबी१०, दोन्ही साधे, फोकसची भानगड नाही, झूम नाही. झूमवाला यायचा तो दुबई-मस्कतच्या मामाकडून नाहीतर अमेरिकेतल्या आत्याकडून, किंवा मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारातून, तिथे फोटोच्या सामानाची जुनी दुकानं आहेत. आला की तो काढायचा कुणी हे ठरलेलं असायचं. ३६ चा रोल गणपतीत घातला की दिवाळीपर्यंत पुरवायचा, शेवटचे दोन उरले तर "संपवून टाक रे" म्हणून गॅलरीतली कुंडी, आणि ओढून ताणून ३७ वा निघाला की घरात आनंद. धुऊन आल्यावर चार बाय सहाचे फोटो, लॅबवाल्याने फुकट दिलेला प्लास्टिकचा अल्बम आणि निगेटिव्ह "जपून ठेव" म्हणून कुठेतरी ठेवलेल्या, ज्या आजपर्यंत कुणालाच सापडलेल्या नाहीत.

जुना घेताना

सेल आधी बघावा. बहुतेकांना सीआर१२३ए लागतो, तीन व्होल्टचा लिथियम, काहींना त्याहून छोटा सीआर२. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेलच असं नाही, म्हणून सहलीला जाताना एक जादा ठेवायचा. सेल घालून झूम पुढे-मागे करून बघा, नळी अडखळली किंवा टकटक आवाज आला तर सोडून द्या. फ्लॅश चार्ज होतो का, सेलच्या खोबणीत हिरवट गंज आहे का, आणि टॉर्च मारून लेन्समध्ये बुरशी आहे का हे बघाच. मुंबई, कोकण, गोव्यातल्या कपाटातून निघालेल्या कॅमेऱ्यात बुरशी असतेच असं धरून चालावं, चार महिन्यांच्या दमट हवेत चामड्याच्या पाऊचमध्ये कोंडलेला कॅमेरा म्हणजे तिला आमंत्रणच. सिलिका जेल घालून डब्यात ठेवावा, पाऊच फेकून द्यावा.

बिघडला तर दुरुस्ती जवळपास नाहीच. नळी आत-बाहेर होताना आतली चपटी वायर वाकते आणि वर्षानुवर्षांनी तुटते, सुटे भाग कुणी बनवत नाही. स्वतः उघडायला तर मुळीच जाऊ नये, फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि सेल काढल्यावरही तो राहतो. मी एकदा अनुभव घेतला आहे, हात कोपरापर्यंत बधिर झाला होता.

विमानतळावर रोल चेक-इनच्या बॅगेत टाकू नये, आणि नवीन सीटी स्कॅनर असतील तिथे हँडबॅगेतूनही बाहेर काढून हाताने तपासायला द्यावा, सीटीने फिल्मवर धुरकटपणा येतो.

नवीन झूम कॉम्पॅक्ट आता कुणी बनवत नाही. याशिका आणि कॉन्टॅक्स बनवणारी क्योसेरा २००५ मध्ये कॅमेऱ्यातून बाहेर पडली, २००६ मध्ये कोनिका मिनोल्टाही. २०२४ मध्ये पेंटॅक्सने १७ नावाचा नवा फिल्म कॅमेरा काढला तेव्हा सगळे खूश झाले, पण तो अर्ध्या फ्रेमचा, रोल अंगठ्याने सरकवायचा, फोकस चिन्हं बघून लावायचा, आणि झूम नाही.

राहता राहिली तारीख. फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी तारीख छापायची सोय असलेल्या काही कॅमेऱ्यांचं कॅलेंडर २०१९ लाच संपलं, पुढचं वर्ष त्यात नाहीच. मग एकतर तारीख बंद ठेवायची नाहीतर कुठलंतरी जुनं वर्ष लावायचं. माझ्या कॅमेऱ्यावर '९६ लागलंय, त्यामुळे गेल्या गणपतीच्या फोटोत माझी पुतणी तिच्या जन्माच्या पंधरा वर्षं आधी मोदक खाताना दिसते.